मावशीच्या वाटणीचं कडू

मनकर्णामावशी ही माझ्या आईची थोरली बहीण. हैदराबादच्या पोलीस ॲक्शननंतर दोन वर्षांनी सोयगावजवळच्या एका खेड्यात जन्मली. आमच्या नातलगांत तिच्याबद्दल असं बोललं जातं, की तिनं स्वतःच्या नवऱ्याला काळं चॉकलेट खाऊ घालून अंथरुणाला खिळवलं. लग्नाकार्यात अजूनही कुणीतरी हलक्या आवाजात हे सांगतं आणि ऐकणारा मान वळवून मावशीकडं बघतो. हे खोटं आहे. खरं काय झालं ते मला माहीत आहे, कारण त्यातलं काही माझ्यासमोर घडलं आणि उरलेलं मावशीनं मला सांगितलं.

मावशीला लहानपणापासून कडू आवडायचं. पाडव्याला कडुनिंबाचा पाला गूळ-ओव्यासोबत वाटून हातावर ठेवला, की बाकीची पोरं तोंड वाकडं करून गिळायची. ही मात्र दुसऱ्यांदा हात पुढं करायची. आजी कारल्याच्या काचऱ्या वाळवून, तळून डब्यात भरून ठेवायची. त्या डब्यावर फक्त हिचाच हात पडायचा, म्हणून तो कधी लपवावा लागला नाही.

लग्न झालं ते नानासाहेबांशी. घरी जमीन, आणि स्वतः औरंगाबादला पाटबंधारे खात्यात कारकून. दिसायला रुबाबदार, आवाज मोठा, आणि गोडाचे भारी शौकीन. चहात साखर घातली की चमचा उभा राहावा अशी. कचेरीतून येताना इमरतीचा पुडा, सुट्टीच्या दिवशी बासुंदी नाहीतर शिरा. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात मावशी कारली चिरायला बसली, तर सासूनं तिला विळीवरून उठवलं.

"नाना कडू खात नाय," सासू म्हणाली. "या घरात कडू शिजत नाय."

तेव्हापासून नाही शिजलं. सासू गेली, हर्सूलला तुरुंगाच्या पुढं स्वतःचं घर झालं, पोरगा काकासाहेब शिकून वाळूजच्या कंपनीत लागला, सून आली. कारलं काही त्या घरात आलं नाही. मावशीनंही ते मागितलं नाही. तिच्या ताटात काय यायचं, तर तळाला लागलेला शिरा, उरलेली बासुंदी, पुड्यातल्या मोडक्या इमरत्या. घरात सगळ्यात शेवटी जेवणारी तीच होती, आणि अन्न टाकायचं नाही अशी तिची शिकवण. तोंडाला मिठी बसायची तरी ती खायची. कुणाला वाटलंच नाही की तिला ते आवडत नसेल. दुसऱ्यांदा वाढून घेणारा माणूस आवडीनंच खातो, असं सगळ्यांनी धरून चाललं होतं.

साठीच्या आसपास तिच्या पायाच्या बोटाला चपलेनं एक फोड आला. तो महिना झाला तरी भरेना. शेजारच्या मेहरुन्निसा भाबी रोज सकाळी तिच्यासोबत हर्सूल तलावाकडं फिरायला जायच्या. त्यांनी तिचं लंगडणं पाहिलं आणि नानासाहेबांना न विचारताच तिला रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. भाबींची मुलगी शकीला तिथंच आहारतज्ज्ञ होती. रक्त तपासलं, तर साखर भलतीच वाढलेली. ज्या बाईला गोड कधी आवडलंच नाही, तिला गोडाचा आजार झाला होता.

डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या आणि आहाराचं समजून घ्यायला शकीलाकडं पाठवलं. शकीलानं पहिला प्रश्न विचारला, की तुम्हाला काय खायला आवडतं. मावशी म्हणाली, आमच्याकडं सगळ्यांना गोड लागतं.

"खाला, सबका नहीं पूछ रई मैं," शकीला म्हणाली. "तुम्हाला काय आवडतं?"

मावशीनं मला नंतर सांगितलं, की तो प्रश्न आपल्यालाच विचारलाय हेच तिला आधी कळलं नव्हतं. मग तिथं खुर्चीवर बसल्या बसल्या तिला रडू आलं, आणि पोरीसमोर रडल्याची लाज वाटली. पुढच्या खेपेला गेली तेव्हा तिनं दारातूनच सांगितलं, "कारलं."

शकीला हसली. ज्वारीची भाकरी, डाळ, पालेभाजी, ताक, आणि आठवड्यातून दोनदा कारलं असा आहार तिनं बसवून दिला. उरलेलं गोड तुमच्या ताटात येणार नाही, ते शेजारी द्या, गायीला घाला, काय करायचं ते करा, हे तिनं बजावून सांगितलं. घरी नानासाहेब कारल्याच्या वासानं चिडले. मावशी मागच्या पडवीत गॅसची छोटी शेगडी लावून तिथं स्वतःपुरतं शिजवायला लागली.

चॉकलेट आलं ते ईदच्या दिवशी. भाबींच्या घरी शीरखुर्म्याचे वाडगे फिरत होते आणि मावशी हात मांडीवर ठेवून बसली होती. शकीलानं फ्रिजमधून एक काळी वडी काढली, तिचा लहानसा चौकोनी तुकडा मोडून मावशीच्या तळहातावर ठेवला आणि म्हणाली, चावू नका, जिभेवर नुसतं राहू द्या.

मावशीनं तो तोंडात टाकला. आधी काहीच लागलं नाही. मग तो हळूहळू विरघळत गेला आणि कडूपणा जिभेच्या मागं उतरला. करपलेल्या दाण्यासारखा, भाजलेल्या कॉफीच्या वासाचा, आणि शेवटी कुठंतरी लांब नावापुरता गोड. तिनं डोळे मिटून घेतले. भाबी तिला हाक मारत होत्या ते तिला ऐकूच गेलं नाही.

शकीलानं मग सगळं नीट समजावलं. हे औषध नाही, हा शौक आहे, आणि शौकाला माप पाहिजे. दुपारच्या जेवणानंतर एकच तुकडा. उपाशीपोटी नको, संध्याकाळनंतर नको, नाहीतर झोप उडायची. वेष्टनाच्या मागं काय काय घातलंय ते वाचायचं. कोको सगळ्यात जास्त पाहिजे, साखरेचं नाव पहिलं असेल तर ते काळं असो की गोरं, घ्यायचं नाही. ज्या दिवशी हा तुकडा खाल त्या दिवशी चहाबरोबर बिस्कीट नाही, कारण दोन्हीचा हिशेब शरीर एकाच खात्यात धरतं. आणि गोळी, चालणं, भाकरी-भाजी यांतलं काहीही याच्यामुळं सुटता कामा नये.

मावशी आयुष्यात पहिल्यांदा स्वतःसाठी काही विकत घ्यायला एकटी निघाली ती त्यानंतर. रिक्षानं क्रांती चौकात गेली, एका मोठ्या दुकानात शिरली आणि चष्मा लावून वड्या उलट्यासुलट्या करून बघत उभी राहिली. दुकानातल्या मुलीनं विचारलं, नातवासाठी का? मावशी म्हणाली, "नाय, माझ्यासाठी." हे मला सांगताना तिचा चेहरा असा झाला होता, की तिनं जणू काही चोरी केली होती आणि ती पचली होती.

पुढची काही वर्षं तिची दुपार ठरलेली होती. सगळ्यांची जेवणं झाली, भांडी घासून पालथी घातली, की ती मागच्या दाराच्या पायरीवर बसायची आणि एक तुकडा जिभेवर ठेवायची. सुट्टीत मी जायचे तेव्हा अर्धा मला द्यायची आणि मी कडकड चावून टाकला की रागवायची. तो विरघळेपर्यंत ती कुणाशी बोलायची नाही. बोट भरून आलं होतं, साखर ताब्यात आली होती. डॉक्टर म्हणाले, छान सांभाळलंत. ते चॉकलेटमुळं झालेलं नव्हतं हे तिला पक्कं माहीत होतं. भाकरीमुळं, चालण्यामुळं आणि गोळ्यांमुळं झालं होतं. पण ते सगळं रोज करावंसं वाटत होतं ते त्या तुकड्यामुळं, असं ती म्हणायची.

नानासाहेब आधी चेष्टा करायचे. जळका गूळ खाते म्हणायचे. मग त्यांना रक्तदाब निघाला, रोजच्या गोळ्या लागल्या, आणि गोळी खाणं म्हणजे म्हातारपण कबूल करणं असं त्यांना वाटायला लागलं. त्यातच कुणीतरी मोबाईलवर पाठवलं, की काळ्या चॉकलेटनं हृदयाच्या नसा मोकळ्या होतात, रक्तदाब उतरतो, गोळ्यांची गरज राहत नाही. हा निरोप त्यांनी घरात सगळ्यांना मोठ्यानं वाचून दाखवला. आणि फ्रिजमधला मावशीचा चॉकलेटचा डबा उघडला.

पहिला घास त्यांनी थुंकून टाकला. मग स्वतः बाजारात जाऊन त्यांना गिळवेल असं आणलं. वरून काळा कागद, आत काजू-मनुके आणि निम्म्याहून जास्त साखर. टीव्हीसमोर बसून अख्खी वडी संपवायची, ती झाली की दुसरी. जेवण वेगळं, चहा वेगळा, इमरती वेगळी. मावशीनं शकीलाचं सांगणं त्यांना सांगून पाहिलं. ते म्हणाले, त्या पोरीला काय कळतं.

काही दिवसांनी कपाट आवरताना मावशीला गोळ्यांची पाकिटं सापडली, जशीच्या तशी भरलेली. तिनं ती काकासाहेबाला नेऊन दाखवली. काकासाहेब तेव्हा कामावर निघाला होता. त्यानं पाकिटं हातात घेतली, पाहिली, परत दिली.

"दादांना कोण सांगणार आई?" तो म्हणाला. "माझं ऐकतात का ते? तूच बघ."

तिनं बघितलं. जेवणं झाल्यावर ती नानासाहेबांसमोर पाकिटं घेऊन उभी राहिली आणि म्हणाली, "अहो, हे खायचं असंल तर खा. पण गोळी सोडू नका. मी पाया पडते तुमच्या."

नानासाहेबांनी तिच्याकडं पाहिलं. ते उठले, फ्रिजमधून तिचा डबा आणला आणि तिच्यासमोर उभं राहून त्यातला एकेक तुकडा तोंडात टाकायला लागले. त्यांना ती चव सोसत नव्हती, डोळ्यांत पाणी येत होतं, तरी चावत राहिले. डबा रिकामा केला आणि तिच्या हातात ठेवला. "घे. झालं काय मला?" म्हणाले.

मावशी मला म्हणाली, त्यांनी हात उचलला असता तरी एवढं लागलं नसतं.

पावसाळा संपत आला होता तेव्हा एका सकाळी ते न्हाणीघरात पडले. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, रक्तदाबाच्या गोळ्या चालू होत्या का. मावशीनं खरं ते सांगितलं. डॉक्टरांनी तिथंच, काकासाहेबासमोर, स्पष्ट सांगितलं, की गोळ्या अशा मनानं बंद केल्या की हेच होतं. चॉकलेटचं विचारलं तेव्हा म्हणाले, त्यानं झालेलं नाही. एवढं गोड खाणं वाईटच, पण घात केला तो औषध बंद करण्यानं.

दुसऱ्या दिवशी गावाहून नानासाहेबांची थोरली बहीण दगडाबाई आली. भावावर तिचा फार जीव. वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसून तिनं एकेकाला विचारायला सुरुवात केली, की काय खाल्लं होतं, कसं झालं. कुणाच्या तरी तोंडून चॉकलेटचा शब्द निघाला. कुणाचं चॉकलेट? मनकर्णाचं. तीच खाते, तीच आणते, तिच्याच डब्यातलं. दगडाबाईला तेवढं पुरलं. संध्याकाळपर्यंत भेटायला आलेल्या प्रत्येकाला तिनं सांगितलं, की भावजयीनं आपलं शुगरचं काळं औषध भावाला चारलं. मीही त्या दिवशी तिथं होते. मावशी भिंतीला टेकून उभी होती आणि काकासाहेब तिच्याकडं बघत नव्हता.

घरी आल्यावर त्यानं फ्रिजमधून मावशीचा डबा काढला आणि कचऱ्याच्या बादलीत टाकला. आता हे घरात नको, एवढंच म्हणाला.

"डॉक्टर काय बोलले ते तू ऐकलं व्हतं," मावशी म्हणाली. "गोळ्या तुला मी दाखवल्या व्हत्या."

"आत्याला कशाला दुखवायचं?" काकासाहेब म्हणाला. "आता बोलून काय होणार आहे?"

पुढची तीन वर्षं मावशीनं नानासाहेबांचं सगळं केलं. कूस बदलणं, अंग पुसणं, पातळ पेज चमच्या-चमच्यानं भरवणं. त्यांचा आवाज गेला होता, पण समज शाबूत होती. विचारलेलं कळायचं, मान हलवून हो-नाही सांगता यायचं. गोड पाहिजे असलं की डाव्या हातानं चादर ओढायचे. मावशी डॉक्टरांना विचारून चमचाभर खीर द्यायची. दगडाबाई महिन्या-दोन महिन्यांनी यायची, पेढे कुस्करून भावाच्या तोंडात घालायची, आणि ठसका लागला की मावशीला हाका मारायची. आल्यागेल्यासमोर तीच गोष्ट पुन्हा व्हायची, आता नानासाहेबांच्या उशाशी बसून, त्यांच्या देखत.

एकदा मी गेले होते तेव्हा असंच चाललं होतं. दोन सोयरे आले होते, दगडाबाई सांगत होती, काकासाहेब दारात उभा होता. मावशी पेजेची वाटी घेऊन आत आली. तिनं वाटी खाली ठेवली आणि पलंगाजवळ गेली. आवाज अजिबात चढवला नाही.

"आक्का बसल्यात, पोरगा उभाय," ती नानासाहेबांना म्हणाली. "तुम्हाला समजतं सगळं. नुसती मान हलवा. गोळ्या मी बंद केल्या का तुम्ही?"

नानासाहेबांनी तिच्याकडं पाहिलं. त्यांना प्रश्न कळला होता, ते आम्हा सगळ्यांना दिसलं. मग त्यांनी हळूहळू, कष्टानं, तोंड भिंतीकडं फिरवलं.

मावशीनं वाटी उचलली, ती निवली होती म्हणून गरम करून आणली, आणि त्यांचं तोंड हलकेच आपल्याकडं वळवून त्यांना भरवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नानासाहेबांचं सगळं आवरून ती सुनेला म्हणाली, जरा बघ, मी येते. मला सोबत घेतलं. आम्ही रिक्षानं क्रांती चौकात गेलो. तिनं वडी घेतली, मागचं नीट वाचून घेतली. दुपारी जेवणं झाल्यावर ती मागच्या पायरीवर गेली नाही. बैठकीत, दगडाबाईच्या समोरच्या खुर्चीत बसली, एक तुकडा मोडला आणि तोंडात ठेवला.

"लाज नाय वाटत?" दगडाबाई म्हणाली. "तिकडं त्याची अशी गत, अन् तू हे खाती?"

मावशीनं तो पूर्ण विरघळू दिला. मग बोलली.

"मला कडू आवडतं, आक्का. या घरात कुणी इचारलं नाय, म्हणून सांगते."

तिच्या या उत्तराचं मला कौतुक वाटलं होतं आणि मी तसं म्हणाले. मावशी माझ्यावरच चिडली. म्हणाली, त्या दिवशी त्या तुकड्याला कसलीच चव नव्हती. माती खाल्ल्यासारखं वाटलं. माणूस चाळीस-पंचेचाळीस वर्षं ज्याच्यासाठी रांधतो, त्यानं भिंतीकडं तोंड फिरवल्यावर कसली चव. पुढं कितीतरी दिवस ती रोज जेवणानंतर एकच तुकडा ठेवत राहिली, नुसता ठेवायचा म्हणून. चव परत आली, पण कधी ते तिला आठवत नाही.

नानासाहेब त्यानंतरच्या उन्हाळ्यात गेले. तेराव्याला सगळे जमले होते. जेवणाच्या पंगतीत दगडाबाईनं तीच गोष्ट काढली. काकासाहेब वाढत होता. मावशी दारातून त्याच्याकडं बघत होती. त्यानं बुंदीचं ताट उचललं आणि पंगतीच्या दुसऱ्या टोकाला गेला. सगळे पांगल्यावर मावशीनं त्याला एकट्याला गाठून विचारलं, की आता तर तुझे वडील नाहीत, आता तरी आत्याला खरं का सांगत नाहीस. तो म्हणाला, "जाऊ दे ना आई. झालं ते झालं."

मावशीनं मग मागची पडवी बंद करून घेतली आणि तिथं आपली चूल वेगळी मांडली. भांडण नाही, अबोला नाही. सुनेला बरं नसलं की दोन्हीकडचं तीच रांधते. नाती शाळेतून आली की आधी तिच्याकडं शिरतात. सकाळी मेहरुन्निसा भाबींबरोबर तलावाकडं फिरायला जाते. भाबींचे गुडघे दुखतात म्हणून दोघी आता अर्ध्यातूनच परततात. शकीलाकडं तीन महिन्यांनी तपासणीला जाते आणि तिची साखर तिच्या वयाच्या मानानं उत्तम आहे. दुपारी एक तुकडा अजून असतो. परवा मी विचारलं, मावशी, आता कसं लागतं? ती म्हणाली, "कडू. चांगलं लागतं."

काकासाहेब वाईट माणूस नाही. त्यालाही आता रक्तदाब आहे आणि तो गोळी चुकवत नाही. कामावर निघताना गाडी चालू करण्याआधी तो रोज पडवीच्या दाराशी थांबतो.

"आई, काही आणायचं का?"

"नाय," मावशी म्हणते.

तो थोडा वेळ उभा राहतो. ती भाकरी थापत असते, वर बघत नाही. मग तो जातो.